दोष पिशवीचा नव्हे

लोणारच्या सरोवराची नोंद सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1823 साली केली आणि तिथून पुढे जवळपास दीडशे वर्षे अनेक जाणकार हा खड्डा ज्वालामुखीचाच असे धरून चालले. समजूत वेडगळ नव्हती. चहूबाजूंना दख्खनचा काळा पाषाण, तो तर लाव्हाचाच. मग त्याच्या पोटात पडलेला 1.8 किलोमीटर रुंदीचा गोल खड्डाही त्याच कुळातला असणार, असे शेजारावरून ठरवले गेले. तळाच्या खडकाचे नमुने वर काढले, प्रचंड आघाताखालीच बनणारी काच त्यात सापडली, तेव्हा कुठे 1973 साली ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखाने उल्कापाताची बाजू पक्की केली. बायकांच्या लघवी गळण्याच्या दुखण्याबाबत अशीच एक चूक आजही होते. मूत्राशयाला खेटून गर्भाशय असते, दुखण्याचा बाळंतपणाशी संबंध आहे हेही सर्वांना दिसते; तेव्हा दोष पिशवीचा असणार आणि पिशवी काढली की दुखणे जाणार, असा तर्क घरात होतो, कधीकधी दवाखान्यातही होतो. हेही शेजारावरून केलेलेच निदान. या पुस्तिकेचे म्हणणे त्याच्या उलट आहे. बहुतेक बायकांत बिघाड स्नायूंचा आणि मूत्राशयाला लागलेल्या सवयीचा असतो, त्यावरचा पहिला उपचार चाकूविना होतो, आणि तो लोणार तालुक्यातल्या उपकेंद्रात, इतकेच काय, बचत गटाच्या बैठकीतही देता येतो. मात्र तो उपचार म्हणून दिला पाहिजे. जाता जाता दिलेला सल्ला म्हणून दिला तर तो फसतो, आणि मग खापर उपचारावर फुटते.

बाई या दुखण्याला नाव देत नाही. खोकलं की थेंब जातात, मोरीपर्यंत पोचेस्तोवर धीर निघत नाही, लुगडं ओलं होतं, असे ती सांगते. तेही कुणी विचारले तर. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने 2002 साली केलेली व्याख्या साधी आहे: मनाविरुद्ध लघवी जाण्याची कोणतीही तक्रार. त्या ‘कोणतीही’ या शब्दाचे मोल मोठे आहे, कारण किती थेंब गेले म्हणजे आजार मानायचा हा हिशेब त्याने डॉक्टरच्या हातून काढून बाईच्या हाती दिला. अडचण एवढीच की बाई बोलत नाही. 1989 च्या जानेवारीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या 650 बायकांपैकी 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. त्या अभ्यासाचा रोख लघवीच्या तक्रारीवर नव्हता. तरी विदर्भातल्या खेड्यातली बाई गप्प आहे याचा अर्थ ती बरी आहे असा घेऊ नये, हे त्याने कायमचे शिकवले. लोणारात हे दुखणे उतारावर उघड होते. कमळजादेवीच्या देवळाकडे जायचे तर विवराच्या काठावरून शंभर मीटरांहून अधिक खाली उतरावे लागते. उतरताना प्रत्येक पावलाचा हिसका ओटीपोटावर येतो. नवरात्रात सगळा गोतावळा खाली जातो आणि एखादी बाई वरच थांबते, गुडघे दुखतात म्हणते. गुडघ्यांचे कारण सांगायला सोपे असते.

हिसक्याने लघवी का जाते, हे समजले की उपचारही निम्मा समजतो. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या तिघांचा भार ती तोलते, आणि लघवीची नळी, योनी व गुदद्वार या तीन वाटा तिच्यातूनच खाली जातात. खोकला आला, हंडा उचलला, सोयाबीनचा भारा डोक्यावर घेतला की पोटातला दाब एकदम वाढतो. झोळी सशक्त असेल तर त्याच क्षणी आवळते आणि नळी दाबून बंद ठेवते. बाळंतपणात ती ताणली गेली असेल, कधी फाटलीही असेल, पाळी गेल्यावर तिथल्या पेशी सुकल्या असतील, वर्षानुवर्षांचा खोकला आणि बद्धकोष्ठता रोज तिच्यावर जोर देत असेल, तर आवळणे उशिरा होते किंवा अपुरे पडते. ही ताणाची गळती. दुसरा प्रकार घाईचा: मूत्राशय भरलेले नसतानाच आकुंचन पावते, आणि बाई दारापर्यंत पोचण्याआधीच लघवी सुटते. पुष्कळ बायकांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. या सगळ्या वर्णनात गर्भाशय झोळीवरच्या ओझ्यांपैकी एक म्हणून आले आहे, त्याहून अधिक काही नाही.

झोळी स्नायूंची आहे म्हटल्यावर ती कमावता येईल, हा विचार ओघाने येतो. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी तो 1948 साली पद्धतशीरपणे मांडला, आणि लोक त्या व्यायामाला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. पुढची पन्नास वर्षे मात्र तो बाळंतिणीला सांगायच्या चार गोष्टींमधली एक होऊन राहिला. चोख तुलना उशिरा झाली. कारी बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेत 107 बायकांवर केलेला प्रयोग 1999 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, त्यात हा व्यायाम विजेच्या उत्तेजनापेक्षा आणि योनीत धरायच्या वजनांपेक्षा सरस ठरला. मग 2018 साली कॉक्रेन या संस्थेने 14 देशांतल्या 31 चाचण्या आणि 1,817 बायका एकत्र घेऊन आढावा काढला. ताणाची गळती असलेल्यांपैकी व्यायाम केलेल्या शंभर बायकांत 56 जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले; काहीच न केलेल्या शंभरांत तसे सांगणाऱ्या होत्या 6. वैद्यकात इतका ढळढळीत फरक रोज दिसत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचने हा पहिला उपचार म्हणून दिला आहे. या वाक्यातली ‘देखरेख’ आणि ‘तीन महिने’ आपल्याकडे येता येता गळून पडतात आणि उरते ते ‘ताई, खालून आवळत जा’. औषधाचे नाव सांगायचे आणि मात्रा सांगायची नाही, असा हा प्रकार.

यावरचा पहिला आक्षेप अगदी रास्त वाटतो. आमच्या बायका पहाटेपासून राबतात, निंदण करतात, कापूस वेचतात, पाणी वाहतात; त्यांना आणखी व्यायाम कसला सांगता? पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत, आणि या स्नायूच्या बाबतीत तर ते बऱ्याचदा परस्परांच्या विरुद्ध जातात. भारा उचलताना दंड, पाठ, मांड्या कमावल्या जातात. झोळीवर मात्र वरून नुसता दाब येतो. तिला त्या क्षणी आवळायला कुणी शिकवलेले नसते. हे शिकवले तर काय होते, ते अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या संशोधकांनी 1998 साली दाखवून दिले: खोकण्याच्या किंचित आधी आवळायची एवढी एकच युक्ती शिकलेल्या बायकांची खोकताना होणारी गळती आठवड्याभरात बरीच घटली. स्नायू एका आठवड्यात बळकट होत नाही. घटली ती वेळ साधल्यामुळे. म्हणून राबणाऱ्या बाईला सांगायचे ते कामाव्यतिरिक्त वेगळे काही नव्हे, तर कामातलेच एक पाऊल आहे: आधी आवळ, मग उचल. हंड्यालाही हेच, भाऱ्यालाही हेच, शिंकेलाही हेच.

घाईच्या गळतीची कथा निराळी आहे आणि ती शेताच्या बांधाशी, आडोशाशी जोडलेली आहे. दिवसभर उघड्या रानात काम, आडोसा नाही. म्हणून सकाळी घरून निघताना लागो न लागो लघवी करून घ्यायची आणि मग संध्याकाळपर्यंत पाणीच कमी प्यायचे, अशी रीत पडते. कमी पाण्याने लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते. घाई वाढली म्हणून पाणी आणखी कमी होते. त्यात दुपारचा कडक चहा. वर बद्धकोष्ठता. मूत्राशयाला शिस्त लावणे हा यावरचा उपचार आहे: घाई आली की पळायचे नाही, जागीच उभे राहून चार-पाच वेळा झटपट आवळायचे, लाट ओसरू द्यायची, मग सावकाश जायचे, आणि दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत तीन-चार तासांवर न्यायचे. यालाही किमान सहा आठवडे लागतात. गोळ्या आहेत, आणि त्यांचा उपयोगही होतो. पण जुन्या वर्गातल्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो, म्हाताऱ्या माणसाची बुद्धी गोंधळते. विदर्भाच्या मे महिन्यात आधीच कोरडे पडलेले तोंड आणखी कोरडे करणारी गोळी बाई किती दिवस घेईल? मिराबेग्रॉन या नंतरच्या औषधाने कोरड कमी पडते, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. पाळी गेलेल्या बाईला योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने घाई आणि चुरचुर कमी होऊ शकते. हे साधे औषध फार थोड्यांना सांगितले जाते. आणि वजन. ज्यांचे ते खरोखर जास्त आहे अशा बायकांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2009 साली आला: सहा महिन्यांत वजन सरासरी 8 टक्क्यांनी घटले, आणि गळतीचे प्रसंग 47 टक्क्यांनी, तुलनेसाठी घेतलेल्या गटात ही घट 28 टक्के होती. लोणारच्या मजूर बाईला हे लागू नसेल. बाजारपेठेतल्या दुकानावर दिवसभर बसणाऱ्या बाईला असेल.

दुसरा आक्षेप सर्जनचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. शस्त्रक्रिया लवकर गुण देते. मग महिनोन्महिने व्यायाम कशाला? 2013 साली नेदरलँड्समधल्या 460 बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र ताणाच्या गळतीत नळीखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया की फिजिओथेरपी, अशी ती थेट तुलना होती. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटात शंभरातल्या 91 जणींना सुधारणा वाटली, फिजिओथेरपीच्या गटात 64 जणींना. आणि या दुसऱ्या गटातल्या जवळजवळ निम्म्या बायकांनी दरम्यान शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे तीव्र गळतीत शस्त्रक्रिया सरस ठरते, हे मान्यच. पण याच चाचणीत नोंदलेले सगळे अपाय शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले, आणि पट्टी एकदा बसवली की ती काढणे सोपे नसते. ब्रिटनने 2018 च्या जुलैत योनीमार्गे जाळी-पट्टी बसवण्याच्या शस्त्रक्रिया स्थगित केल्या, त्या अशाच तक्रारींमुळे. व्यायाम फसला तर शस्त्रक्रियेचे दार उघडेच राहते. शस्त्रक्रिया फसली तर मागे फिरायला वाट नसते. उपचारांचा क्रम ठरवायला एवढे कारण पुरे आहे.

आणि सर्जनचा हा आक्षेप पट्टीच्या शस्त्रक्रियेबद्दल आहे, पिशवी काढण्याबद्दल नव्हे. पिशवी काढल्याने गळती थांबते असा पुरावा नाही. उलट स्वीडनमधल्या लाखो बायकांच्या नोंदींवरून 2007 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे ताणाच्या गळतीसाठी शस्त्रक्रिया लागण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. महाराष्ट्राला हे विशेष कान देऊन ऐकायला हवे. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी करवली, तेव्हा 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्या शस्त्रक्रिया नाहक होत्या असे म्हणता येणार नाही, आणि त्यांचे कारण लघवी गळणे होते असेही नाही. पण कंबरेखालच्या कोणत्याही तक्रारीला पिशवी काढणे हे उत्तर ज्या व्यवस्थेत इतके हाताशी असते, तिथे गळतीलाही तेच उत्तर मिळायला वेळ लागत नाही. यात पैशाचाही भाग आहे. सरकारी विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचाराचे पैसे देतात. बारा आठवडे बाईला व्यायाम शिकवणाऱ्या सिस्टरच्या वेळेची बिलात ओळ नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हा व्यायाम शिकवणार कोण? दिसत नसलेला स्नायू आवळायचा असतो आणि पुष्कळ जणी भलतेच काही आवळतात. 1991 साली अमेरिकेत 47 बायकांना तोंडी सूचना देऊन तपासले, तेव्हा जेमतेम निम्म्यांना ते नीट जमले, आणि चौथा हिस्सा बायका उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढेल असेच करत होत्या. भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकाने हे काम होत नाही, ते यामुळे. पण म्हणून महागडे यंत्रही लागत नाही. स्नायूचे काम पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची भर घातल्याने काही फायदा होतो का, हे 600 बायकांवर तपासणाऱ्या ब्रिटिश चाचणीचे उत्तर 2020 साली आले: होत नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या साठीपुढच्या 362 बायकांवरच्या चाचणीत, गटाने शिकवलेला व्यायाम एकेकीला शिकवलेल्याइतकाच गुणकारी ठरला. गटात सामील होण्याआधी प्रत्येकीची एकदा स्वतंत्र तपासणी करून, आवळणे बरोबर आहे ना, हे पाहिलेले होते. हीच घडी आपल्या कामाची आहे. त्याआधी 2019 साली बांगलादेशातल्या खेड्यांतल्या वयस्क बायकांवरची चाचणी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आली होती, आणि तिथेही गावातच गटाने केलेल्या व्यायामाने गळती कमी झाली. बांगलादेशातले खेडे आणि लोणार तालुक्यातले खेडे यांतले अंतर कॅनडा आणि लोणार यांतल्या अंतरापेक्षा पुष्कळ कमी आहे.

म्हणजे एकदा तपासणी, मग गट. तपासणी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरने करावी: हातमोजा घालून एका बोटाने, बाईची परवानगी घेऊन, पडद्याआड. बोटाभोवती आवळून आत-वर खेचल्यासारखे जाणवले तर बरोबर. पोट फुगले, श्वास रोखला किंवा बोट बाहेर ढकलले गेले तर चूक. मग आशाताईंच्या हाती सूत्र. दहा सेकंदांपर्यंत धरायचे, तितकेच सैल सोडायचे, असे आठ ते बारा वेळा, त्यामागून पाच-सहा झटके, दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात तीन सेकंदही धरवत नाही, तिथूनच सुरुवात होते. लघवी मध्येच अडवून ‘सराव’ करण्याची सवय लावू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. योगाभ्यासातल्या मूलबंधाची इथे कुणालाही आठवण होईल, आणि ओळख पटवायला तिचा उपयोग जरूर करावा. पण मूलबंध आपल्याकडे पूर्वापार आहे म्हणून मोजणी आणि देखरेख सोडून द्यावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. प्राचीन असल्याने मात्रा ठरत नाही.

या उपचाराच्या मर्यादा आशाताईंना व्यायामाइतक्याच पाठ हव्यात. रात्रंदिवस सतत ओलसर राहणे, विशेषतः अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर, हे मूत्राशय आणि योनी यांच्यातल्या छिद्राचे लक्षण असू शकते; तिथे व्यायामात घालवलेला प्रत्येक महिना वाया जातो आणि शस्त्रक्रियाच लागते. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, लघवी तुंबणे, गळतीबरोबर अचानक पायांत आलेला अशक्तपणा किंवा बधिरपणा, यांपैकी काहीही असेल तर थेट डॉक्टरकडे. वारंवार भरपूर लघवी होत असेल तर आधी साखर तपासावी. अंग बाहेर येत असेल तर योनीत बसवायची रबर किंवा सिलिकॉनची कडी पुष्कळ जणींना शस्त्रक्रियेविना आधार देते. ती काढून धुवून पुन्हा बसवायला बाई स्वतः शिकू शकते, आणि कडी बसवलेली असतानाही व्यायाम चालू ठेवता येतो.

राहिला वेळेचा प्रश्न. बारा आठवडे सलग कुठे मिळणार, हे तालुक्यातली कुणीही विचारील. पुढच्या पानांतली वही आषाढी एकादशीच्या सुमाराला सुरू होते. तेव्हा पेरण्या आटोपलेल्या असतात, निंदणीच्या ओळीत बायका एकमेकींच्या शेजारी असतात, आणि व्यायाम तर बसल्या जागी, कुणाच्या लक्षातही न येता होतो. वहीत रोज तीन रकाने आहेत, आठवड्याला एक बैठक आहे, आणि चौथ्या आठवड्यात सिस्टरकडे एक फेरतपासणी. आवळणे चुकत असेल तर ते तिथेच कळते. शेवटचा रकाना घटस्थापनेच्या आसपास भरतो. त्याच्याखाली दोनच प्रश्न छापले आहेत: आठवड्याभरात किती वेळा गळती झाली, आणि यंदा कमळजादेवीला खाली उतरणार का.